विरजणाचा चमचा

३ फेब्रुवारी
आज नाहूरच्या कारखान्यात केमिस्ट म्हणून रुजू झाले. घरापासून चालत दहा मिनिटं, झकास! साखरेच्या पाण्यात जिवाणू सोडायचे. ते साखर खाऊन डेक्स्ट्रान बनवतात. पाण्यात ते दिसत नाही, फक्त पाणी बुळबुळीत होतं. अल्कोहोल ओतलं की पांढरं होऊन तळाशी बसतं. जिवाणूंच्या बरणीला इथे सगळे विरजण म्हणतात. वीस वर्षं इथल्या जुन्या कामगार शकुताईच तिला साखर घालतात. निघताना त्यांनी दोन किलो साखर हातात ठेवली, नव्या माणसाला द्यायची इथली पद्धत. घरी येऊन जान्हवीसाठी शिरा केला. पोरीने वाटी चाटूनपुसून खाल्ली. कारखान्यात सगळेच सारखे घसा खाकरतात, धुळीने असेल.

६ फेब्रुवारी
विरजण पाहिलं. शी! चमच्याला आलेली तार हातभर ताणली तरी तुटेना, शेंबडासारखी. शकुताईंनी तोच चमचा निथळून साखरेच्या गोणीत खुपसला. चहाची साखरही त्याच गोणीतली, आणि माझी दोन किलोही. मी बोललेच. त्या म्हणाल्या, "अगं, वीस वर्षं पितोय आम्ही, कोण मेलं?" घरी जाऊन साखर फेकली. पण तीन दिवस जान्हवीच्या दुधात तीच पडली होती.

११ फेब्रुवारी
घशात काहीतरी आहे. खाकरून येत नाही, गिळून जात नाही. गरम पाण्याने मोकळं होतं, निवलं की पुन्हा दाटतं. डेक्स्ट्रानचं शिळं द्रावण असंच वागतं. ठेवलं की गढूळ, तापवलं की नितळ.
जान्हवीही खाकरते.

१४ फेब्रुवारी
टेस्ट ट्यूबमध्ये थुंकले, वर अल्कोहोल ओतलं. पांढरा चिकट गोळा तळाशी बसला. काडीने उचलला तर अख्खा वर आला. मला उलटी झाली. उलटीलाही तार.
मालकांना, मुकुल सरांना, नळी दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, घसा खाकरला आणि माल चांगला उतरलाय म्हणाले.

१७ फेब्रुवारी
गोड बंद केल्यापासून माझी तार बारीक झालीय. म्हणजे उपाशी ठेवलं की मरतं. जान्हवीचंही बंद केलं. डॉक्टरांना सर्दी वाटते.

१८ फेब्रुवारी
ती ओट्याखाली सापडली, गुळाचा डबा मांडीवर. रागावले. म्हणाली, मला नकोय मम्मी, घशाला हवंय.
मला किळस आली. पोटच्या पोरीची—

१९ फेब्रुवारी
दर दहा मिनिटांनी जान्हवीला गरम पाणी. गरम आहे तोवर बोलते. निवलं की नुसता बुडबुडा.

गॅस संपला. दुसरा सिलेंडर—नाही.
पाणी कोमट.
तोंड उघडलं तिने. आत पडदा. पांढरा.
बोट घालून ओढतेय. तार येतेय. कोपरापर्यंत आली. ती मम्मी म्हणतेय बहुतेक, ओठ तसे—
येतेच आहे, तुटत ना