आधी हत्यारं शेकून घे

सोमनाथ,

भाऊबीजेला दवाखान्यातून तुझ्या आईची बातमी आली, तेव्हापासून बंद असलेली भट्टी मी काल पेटवली. पहिल्याच घावाला छिन्नीचा तुकडा उडून माझ्या कानाजवळून गेला. लागलं नाही. थंडीत पोलाद गारठून ठिसूळ होतं, हे मला ठाऊक आहे. पण हत्यारं शेकून ठेवायचं काम कायम तिचंच होतं, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नाही.

मी नवी छिन्नी आणायला चितेगावला गेलोय. आज तुला सुट्टी आहे, तू भट्टीवर बसशीलच. आधी छिन्न्या आणि हातोडा भट्टीच्या कडेला ठेव, ऐरण शेकायला तिच्यावर तापलेलं लोखंड ठेव. हत्यारं अन् ऐरण हाताला कोमट लागली की मगच घाव घाल. मी घाई केली की ती म्हणायची, "तुम्हाला अंघोळीला कढत पाणी लागतं, अन् ह्या छिन्नीनं गारठूनच कामाला लागायचं व्हय?"

डब्यात पिठलं-भाकरी आहे.

कोपऱ्यातल्या कुऱ्हाडीला मात्र हात लावू नको. मी सांडशीत धरली होती आणि तुझ्या आईनं घण घातले होते. पातं झालंय, धार लावायची राहिली आहे.

अण्णा