लिस्ट स्वच्छ आहे

३ जून
नोकरी लागली. दवाखान्यात, कॉम्प्युटरवर. डॉक्टर मॅडम पेशंट तपासता तपासता औषधं बोलणार, मी ती सिस्टीममध्ये भरून 'पाठवा' दाबणार, आणि चिठ्ठी थेट कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये. कागद नाही, मॅडमचं अक्षर नाही. आजवर गॅरेज झालं, बोटीवरचं किचन झालं, तंबू भाड्याने देऊन झाले. पण खुर्ची पहिल्यांदाच मिळाली. फिरते. सिस्टर म्हणाल्या, जपून, ती आधीच एकाने मोडली आहे.

संकल्प. एक, महिनाभरच थांबायचं. ३ जुलैला सायकल काढून किनाऱ्या-किनाऱ्याने निघायचं. दोन, मावशीकडे राहतो आहे तर तिच्या गोळ्या आपण बघायच्या. ती विसरते. एकही चुकू द्यायची नाही.

४ जून
सिस्टीमवाला शिकवायला आला. तासभर बोलला. लिस्टमधून औषध काढलं तर ते फक्त आपल्याकडून जातं, मेडिकलला कळवायचं तर वेगळं बटण आहे, असं काहीसं. नेमकं तेव्हाच समोरच्या इमारतीवर क्रेनने पाण्याची टाकी चढवत होते. गच्ची हातभर उरली आणि टाकी लोंबकळत राहिली, मी तेच बघत बसलो. बटण कुठलं ते विचारायचं राहिलं. बाकी सोपं आहे.

९ जून
मावशीची तपासणी. सगळ्या दवाखान्यासमोर मला भिंगरी म्हणाली. वर मॅडमना सांगितलं, हा महिनाभर एका जागी बसला तर मला औषधच लागणार नाही.

मॅडमनी तिची रक्त पातळ करायची गोळी बदलली. जुनी बंद, नवी चालू. नावं भलतीच लांब. तीन अक्षरं टाकली की सिस्टीम ओळखते, मला ओळखायची गरज नाही. जुनी ओळ निवडून काढून टाकली. गेली. काय समाधान वाटलं. मॅडमना लिस्ट वाचून दाखवली, त्या म्हणाल्या, छान.

इतरांच्याही लिस्टा अशाच साफ करतो आहे. मॅडम बंद म्हणाल्या की लगेच उडवतो.

१२ जून
स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल आकडा येतो आणि टुंग वाजतं. मेडिकलकडून काहीतरी परत येतं. पोचपावत्या असणार. दिवसभर टुंग टुंग. डोकं उठलं. आवाज बंद करायची जागा मात्र स्वतः शोधून काढली, कोणी शिकवलं नाही. आकडा ९. सिस्टरनी विचारलं, हे काय? म्हटलं, पोचपावत्या.

१३ जून
मेडिकलवाले काका फोनवर. अरे, तुझ्या मावशीच्या गोळ्यांचं जरा... मी तिथेच थांबवलं. म्हटलं, काका, आता फोनवर काही नाही, सिस्टीमवर टाका. म्हणाले, टाकलंय रे, दोनदा टाकलंय, उत्तर कुठे येतंय? म्हणजे दोन्ही चालूच ठेवायच्या ना? म्हटलं, सिस्टीममध्ये जे आहे ते चालू. त्यांनी फोन ठेवला. जुन्या माणसांना वेळ लागतो.

१५ जून
मावशीचं महिन्याचं पार्सल आलं. एक लाल गोळ्यांचं पाकीट, एक पांढऱ्या. मावशी म्हणाली, मॅडम काहीतरी बंद म्हणाल्या होत्या ना? मी समजावलं, मेडिकलमधून आली म्हणजे मॅडमनी पाठवली. मॅडमनी पाठवली म्हणजे मी पाठवली. ती म्हणाली, म्हणूनच विचारते आहे.

तरी उद्या मॅडमना विचारून घ्यावं.

१६ जून
विचारायचं होतं. सायकलचं फ्रीव्हील खोललं आणि छर्रे फरशीभर झाले. ते शोधता शोधता दवाखान्यात उशीर झाला. मावशीला दोन्ही गोळ्या देऊनच निघालो पण.

२० जून
मावशीच्या दंडावर काळानिळा डाग. टेबलाचा कोपरा लागला असणार. कोपऱ्याला कापड गुंडाळलं. ती म्हणाली, मला काही लागल्याचं आठवत नाही. तेच तर, तिला आठवत नाही.

आकडा ४१.

२३ जून
दात घासताना तिच्या हिरड्यांतून रक्त. ब्रश फार राठ होता. मऊ आणला. गोळ्या मी समोर उभा राहून देतो, गिळल्या की तोंड उघडायला लावतो. म्हणाली, तुरुंगात बरं असेल.

२६ जून
आणखी दोन डाग, एक मांडीवर. त्यांना कोपरा नाही. मॅडमना विचारायचं. नक्की. उद्या.

२७ जून
मॅडम दिवसभर घाईत. मीही किनाऱ्याचा नकाशा चिकटवत होतो. मावशीच्या नाकातून रक्त आलं, अर्धा तास थांबेना. हवा कोरडी आहे. तिच्या खोलीत पाण्याची बादली ठेवली.

ती हल्ली फार बोलत नाही. मला भिंगरी म्हणून दोन दिवस झाले.

३० जून
आकडा ११२. तीन आकडी झाल्यावर चौकोनात मावेना. त्यावर चिकटपट्टी लावली.

१ जुलै
सकाळी मावशी मोरीत पडली. ओठ कागदासारखे पांढरे. शेजारच्या ताईंनी गाडी काढली. हॉस्पिटलमध्ये विचारलं, रक्त पातळ करायची गोळी कुठली चालू आहे? मी ठामपणे सांगितलं, एकच. लिस्ट स्वच्छ आहे. त्यांनी तिची पिशवी टेबलावर उलटी केली. एक लाल पाकीट, एक पांढरं. डॉक्टरांनी दोन्हींवरची नावं वाचली आणि दोन्ही बाजूला काढून ठेवली.

रक्त चढवताहेत.

२ जुलै
दवाखान्यात मॅडमनी स्वतः चिकटपट्टी काढली. सगळ्यात जुन्यांतला एक निरोप उघडला, तारीख १० जून. पाठवण्याआधी वाचून दाखवत जा असं मला सांगायच्या, तशाच सावकाश मोठ्याने वाचला. या पेशंटची आधीची गोळी आमच्याकडे चालू आहे. नवीनही द्यायची का? दोन्ही मिळून रक्तस्रावाचा धोका. कृपया कळवा.

ओरडल्या नाहीत. सिस्टरना म्हणाल्या, यादी काढा, एकेकाला फोन लावा. म्हणजे मी ज्यांच्या लिस्टा साफ केल्या, त्यांची. पहिल्या घरी उचलला. दुसऱ्या घरीही. तिसऱ्या घरी वाजत राहिला. सिस्टरनी पुन्हा लावला. मी खुर्चीतून उठलो, कोणी बस म्हणालं नाही.

३ जुलै
सायकल जिन्याखाली आहे. चाक अजून बसवलेलं नाही.

मावशीने आज डोळे उघडले. नर्स तिचा कागद भरत होती. विचारलं, गोळ्या मध्ये कधी चुकल्या का, एखादा दिवस? मी तोंड उघडायच्या आत मावशी बोलली. आवाज खोल गेलेला. नाही हो. एकसुद्धा नाही. हा समोर उभा राहून दोन्ही द्यायचा. जन्मात पहिल्यांदा भिंगरीने काहीतरी नेमाने केलं.

नर्सने माझ्याकडे पाहिलं आणि ते लिहून घेतलं.