लाल फडकं

१४ मार्च

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तुझे टाके निघाले असतील.

वीटभट्टीवाला येऊन गेला. उतरताना तुझ्या विमानाने त्याचं गाढव उडवलं, त्याचं रडगाणं. मी म्हटलं, "तुमचं गाढव निदान जमिनीवर होतं, आमचं वरून आलं." तो हसला. बाबा हसले नाहीत.

तुझ्या मागे बसलेल्या डॉक्टरीणबाईंच्या हाताचं हाड जुळतंय, पण बोटं वळत नाहीत. इथल्या बायकांची बाळंतपणं त्याच हातावर होती.

आणि चौकशीच्या साहेबांना तू काय सांगितलंस? "धावपट्टीवर कोणी नव्हतं. म्हातारा झोपला असेल." बाबांना म्हातारा! आयुष्यभर ती पट्टी राखली त्या माणसाने. जीभ कशी झडली नाही रे तुझी?

बाबांनी तेही कबूल केलं. त्या दिवशी ते तापाने अंथरुणात होते आणि इशाऱ्याची लाल-पांढरी फडकी घेऊन पट्टीवर मी गेले होते, हे साहेबांना सांगितलंच नाही. मलाच दटावलं, "तू मध्ये पडू नकोस. पोराचं लायसन्स जाईल." त्यांना वाटतं, फडकं दाखवायला मला उशीर झाला. तुझं नि माझं, दोघांचं पोटात घालून बसलेत. काम गेलं. विमानाचा आवाज आला की उठून आत जातात.

उशीर झाला नव्हता, दादा. लाल फडकं दिसलं की विमानाने पट्टीवरून अगदी खालून एक फेरी मारायची, जनावरं पांगवायची, पांढरं दिसल्यावरच उतरायचं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी लाल फडकं हलवत होते, घसा फुटेस्तोवर ओरडत होते. तू पंख झुलवलेस. मला पाहिलंस की झुलवतोस, तसेच. आणि फेरीचा कंटाळा करून सरळ खाली आलास.

हे बाबांना अजून सांगितलेलं नाही. पोरगा चुकला हे ते गिळतील. मला पाहूनसुद्धा 'कोणी नव्हतं' म्हणाला, हे त्यांना कसं सांगू? रोज ताट वाढताना तोंडाशी येतं, नि राग तुझा असून भांडी मी आपटते.

बुधवारी साहेब पुन्हा येणार आहेत. मी सगळं बोलणार. लायसन्स गेलं तर जाऊ दे, खड्ड्यात जाऊ दे. त्याआधी येऊन बाबांसमोर तू स्वतः सांग. आलास तर जेवायला वाढीन. तुझ्याशी बोलेन की नाही, ते तेव्हा बघू.

तुला वरून स्पष्ट दिसलेली,
तुझी बहीण