टर्बो बदलणे : एका वीकेंडचं काम

३ सप्टेंबर, रविवार
फादर्स डे (आमच्याकडे ऑस्ट्रेलियात तो सप्टेंबरात). पर्थहून कीलीचा फोन. आधी माझ्याशी बोलली : बाबा, हॅपी फादर्स डे, गुडघा कसा आहे, आईला दे. मग आईशी पाऊण तास. आमचं बापलेकीचं असंच आहे. थोडक्यात समजतं.
बातमी अशी की ती नोव्हेंबरमध्ये आठवडाभर घरी येतेय. नेमका त्याच आठवड्यातल्या रविवारी आमच्या बंद पडलेल्या इंजिन कारखान्यातल्या जुन्या लोकांचा मेळावा, तोही ड्रॅग रेसच्या, म्हणजे दोन-दोन गाड्या सरळ पट्ट्यावर पळवायच्या ट्रॅकवर. याला योगायोग म्हणत नाहीत, संकेत म्हणतात.
लहानपणी कीलीला माझ्या फाल्कन गाडीत शेजारी बसवून मी अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला की पोर आनंदाने किंचाळायची. गेल्या वेळी आली तेव्हा मात्र त्याच सीटवर बसून फोन बघत होती. मला वाईट वाटलं नाही. तिचा दोष नाही. गाडी कमी पडली.
निर्णय : मोठा टर्बो.

४ सप्टेंबर
बायकोला, ग्लेनिसला, टर्बो समजावून सांगितला. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक पंखा फिरवतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा इंजिनात हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त जोर. ताकद जवळजवळ फुकट. ती म्हणाली, फुकट असेल तर या वर्षी बालीला का नाही गेलो आपण? तिला तांत्रिक विषयात गती नाही.
किती दिवस लागतील, असंही विचारलं. म्हटलं, एका वीकेंडचं काम. तिने आपली छोटी हॅचबॅक गॅरेजमधून काढली आणि रस्त्यावर लावली. म्हटलं, वीकेंडपुरतीच.

१६ सप्टेंबर, शनिवार
टर्बो आला! भोपळ्याएवढा आहे. डायनिंग टेबलावर ठेवला, कारण तिथे उजेड चांगला. ग्लेनिसने तिचं टोस्टचं ताट उचललं आणि ओट्यापाशी उभ्याने खाल्लं. तिलाही त्याला नीट जागा द्यावीशी वाटली असणार.
शेजारचा स्टीपे कुंपणावरून बघत होता. आम्ही एकाच कारखान्यात. तो इंजिन जोडायच्या लाइनवर होता, मी फोर्कलिफ्टवर. म्हणजे त्याने आयुष्यभर अर्धवट इंजिनं पाहिली आणि मी पूर्ण झालेली. नजर माझी व्यापक. म्हणाला, नेव्ह, मदत लागली तर हाक मार. मी म्हटलं, लागणार नाही. म्हणाला, तरीपण मार.
हा माणूस भोचक. उद्या मेळाव्यात सगळ्यांना सांगत सुटायचा, टर्बो मीच बसवला म्हणून.

१७ सप्टेंबर
वीकेंड संपला. गाडीचं बॉनेट उघडलं आहे. सुरुवात झाली हे महत्त्वाचं.

२३ सप्टेंबर
एक बोल्ट तुटला. गंजलेला होता. इंटरनेटवर पाहिलं, सगळ्यांचाच तुटतो. म्हणजे मी बरोबर मार्गावर आहे.
सोमवारी मी हल्ली कामाला असतो त्या दुकानात, पेंटच्या काउंटरवर, एका बाईंना बैठकीच्या खोलीसाठी रंग मिसळून देताना मी टर्बोबद्दल बोलत राहिलो आणि पांढऱ्याच्या जागी काहीतरी पिस्त्यासारखं झालं. बाई म्हणाल्या, राहू दे, आवडला. माझ्या उत्साहाचा लोकांवर चांगला परिणाम होतो.

३० सप्टेंबर
फुटबॉलची फायनल. आपली टीम नसली तरी आज काम करणं बरं दिसत नाही.

८ ऑक्टोबर, रविवार
जुना टर्बो निघाला!! हाताची साल गेली, पण निघाला. आता इंजिनची तोंडं उघडी पडली आहेत. त्यात धूळ, नट काही पडलं की इंजिनचा सत्यानाश. जाणकार माणूस अशा वेळी प्रत्येक भोकात स्वच्छ फडकं कोंबून ठेवतो. मी कोंबलं. असल्या बारीकसारीक गोष्टींतच माणूस कळतो.

९ ऑक्टोबर
ग्लेनिस तिचा टास्मानियाहून आणलेला, भांडी पुसायचा टी-टॉवेल शोधतेय. दीपगृहाचं चित्र असलेला. मला विचारलं. तो टॉवेल मला कुठेही दिसत नाही, असं सांगितलं. हे शब्दशः खरं आहे. टॉवेल असा आता राहिलेलाच नाही.

२१ ऑक्टोबर
नवा टर्बो जागेवर बसत नाही. एसीच्या पाइपला अडतो. तासभर दोघांकडे आलटून पालटून बघत बसलो. मग एसी काढून टाकला. एसी ही चैन आहे. शिवाय गाडीचं वजन कमी झालं. हे सुचणं सगळ्यांना जमत नाही.
स्टीपे कुंपणावरून म्हणाला, बाबा रे, नुसता टर्बो बसवून भागत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरला नवीन टर्बो समजावून सांगावा लागतो, नाहीतर इंजिन फुटेल. त्याला वाटलं मला माहीत नसेल. मला माहीतच होतं. तो घरात गेल्यावर लगेच ट्यूनिंगवाल्याला फोन केला. पंधरा नोव्हेंबरची वेळ मिळाली. सोळाला कीलीचं विमान. म्हणजे फाल्कन घेऊनच एअरपोर्टवर. वेळापत्रक उत्तम बसलं आहे.

४ नोव्हेंबर, शनिवार
दिवसभर आडवा पाऊस. ग्लेनिस रस्त्यावरच्या गाडीतून सामानाच्या पिशव्या घेऊन घरापर्यंत चार फेऱ्या मारत होती. मी गॅरेजमधून ओरडलो, मदत करू का? पण माझे दोन्ही हात तेलाचे. ती पुढच्या पिशव्या आणायला गेली. लग्नाला इतकी वर्षं झाली की एकमेकांवर असा विश्वास बसतो.
रात्रीच्या जेवणाला फक्त बीन्स. कदाचित पिशव्या भिजल्या असतील.

१२ नोव्हेंबर, रविवार
टर्बो बसला. सगळे पाइप जोडले, तेल भरलं, पाणी भरलं. फक्त किल्ली फिरवायची बाकी.
आज फिरवणार नाही. उगाच घाई करणारे लोक चुका करतात.

१३ नोव्हेंबर
आजही नाही. वारा फार होता.

१४ नोव्हेंबर
किल्ली सापडत नव्हती. (खिशातच होती. पण तोपर्यंत मूड गेला.)

१५ नोव्हेंबर, बुधवार
घडलं ते शांतपणे लिहून ठेवतो.
सकाळी किल्ली फिरवली. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू! माझे डोळे पाणावले. मग शेजाऱ्यांचेही पाणावले.
आधी मला वाटलं, थोडा धूर निघणारच, नवीन वस्तू आहे. म्हणून ट्यूनिंगवाल्याकडे जायला गाडी बाहेर रस्त्यावर काढली. कोपऱ्यापर्यंत जाईतो मागचं काही दिसेना. आरशात आमची गल्लीच नव्हती. पुढे शाळेपाशी मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या बाई हातातली पाटी उंच धरून धुरात दिसेनाशा झाल्या आणि आतून त्यांचा आवाज आला, सगळे जागच्या जागी उभे राहा! मुलं टाळ्या वाजवत होती. निदान तेवढे तरी रसिक होते.
अग्निशामक दलाची गाडी आली. कोणी बोलावली ते कळलं नाही, पण ग्लेनिसला त्यांच्या कॅप्टनचं नाव माहीत होतं. पाठोपाठ पोलीस. तरुण पोरगी होती, सभ्य. म्हणाली, सर, आपण ही गाडी कुठे घेऊन चालला होतात? मी म्हटलं, दुरुस्तीला. म्हणाली, ते मी समजू शकते. काचेवर पिवळा स्टिकर चिकटवला. दोष दूर करून तपासून घेईपर्यंत गाडी रस्त्यावर आणायची नाही. निळ्या रंगावर पिवळा उठून दिसतो.
स्टीपेने आणि मी गाडी ढकलत परत आणली. म्हणजे तो ढकलत होता, मी स्टिअरिंग. गॅरेजमध्ये त्याने विचारलं, टर्बोतून तेल खाली इंजिनात परत जातं तो पाइप जोडायच्या आधी भोक मोकळं केलं होतंस ना? मी म्हटलं, अर्थात. तो खाली शिरला, पाइप सोडला आणि पक्कडीने काहीतरी बाहेर ओढलं. काळं, लांब, तेलाने निथळणारं. तेलाला परत जायला वाटच नसल्यामुळे ते धुराड्यात शिरून जळत होतं, एवढंच. इंजिनला काही झालं नव्हतं.
नेमकी त्याच वेळी ग्लेनिस चहा घेऊन आली. तिने त्या चिंधीचं टोक उलगडून बघितलं. म्हणाली, हे दीपगृह.
स्टीपेने चहा न घेताच घर गाठलं.

१६ नोव्हेंबर
कीलीला हॅचबॅकमधून आणलं. ग्लेनिस चालवत होती, मी मागे. गुडघे हनुवटीला. दोघी पुढे बसून पूर्ण रस्ता हसत होत्या. दीपगृह हा शब्द तीनदा ऐकू आला.
घरी आल्यावर कीली गॅरेजमध्ये आली. स्टिकर बघितला, टर्बो बघितला. म्हणाली, बाबा, कशासाठी केलंस एवढं? मी म्हटलं, असंच, मेळाव्यासाठी. हात पुसायला मागे वळलो. हाताला पुसण्यासारखं काहीच नव्हतं.

१९ नोव्हेंबर, रविवार
मेळावा.
मी जाणार नव्हतो. गाडीशिवाय कसलं तोंड दाखवायचं? ग्लेनिस म्हणाली, तू नाव नोंदवलंयस ना रेसला? मी म्हटलं, नाव आहे, गाडी नाही. ती म्हणाली, गाडी आहे.
ट्रॅकवर एक प्रकार असतो त्यात कुठलीही गाडी चालते. आपली गाडी किती वेळ घेईल ते आधी सांगायचं. संथ गाडीला आधी सोडतात, जोरातलीला थांबवून ठेवतात. ग्लेनिसने हॅचबॅकच्या काचेवर पांढऱ्या रंगाने जो आकडा लिहिला तो बघून जुने मित्र हसून हसून खाली बसले. शेजारच्या लेनमध्ये एक भलामोठा व्ही-एट, आठ सिलिंडरचा, मागचे टायर माझ्या कमरेएवढे. दिवा हिरवा झाला आणि ग्लेनिस निघाली. निघाली म्हणजे दूध आणायला निघावी तशी. तिने इंडिकेटर दिला असं स्टीपे म्हणतो, माझा विश्वास नाही. व्ही-एटवाल्याचा धीर सुटला, तो स्वतःच्या दिव्याच्या आधीच उसळला आणि बाद झाला. ग्लेनिस मात्र शेवटपर्यंत गेली. जिंकली!
सगळा कारखाना ओरडत होता. दुसऱ्या फेरीत हरली, पण ते कोणाच्या लक्षातही नव्हतं. मी तिची पर्स धरून कठड्यापाशी उभा होतो. ग्रुप फोटोतही पर्स माझ्याकडेच आहे. शेवटी गाडीला हवा मीच भरली होती.
कीली माझ्या शेजारी उभी होती. हसता हसता म्हणाली, आईसारखं चालवलं असतंस ना, तर मी इतकी घाबरले नसते लहानपणी.
मी म्हटलं, घाबरलीस? तू तर किंचाळायचीस आनंदाने.
म्हणाली, बाबा, मी भीतीने किंचाळायचे. तू थांबावंस म्हणून. तू आणखी दाबायचास.
मग बराच वेळ दोन गाड्या सुटत होत्या, त्यामुळे बोलता आलं नाही. आवाज थांबल्यावर विचारलं, मग दर शनिवारी यायचीस कशाला? दारात उभी असायचीस तयार होऊन.
म्हणाली, नंतरसाठी. खाडीच्या कडेला गाडी लावायचास, इंजिन बंद करायचास, आणि आपण बटाट्याचे गरम चिप्स खात बसायचो. तू तेव्हा खूप बोलायचास. फोर्कलिफ्टवरून इंजिन पडलं ती गोष्ट, मॅनेजरच्या बुटाची गोष्ट. घरी तू कधीच बोलायचा नाहीस. इंजिन बंद केल्यावरच बोलायचास.
एवढं बोलून ती आईला मिठी मारायला गेली.
चिप्स आज चांगले होते.

२३ नोव्हेंबर
कीली गेली. एअरपोर्टवर सोडायला हॅचबॅकच. या वेळी ती माझ्याबरोबर मागे बसली. मॅनेजरच्या बुटाची गोष्ट पुन्हा सांगायला लावली. शेवट मला नीट आठवेना, तिलाच आठवत होता. विमान सुटायची वेळ होत आली तरी आम्ही दोघं गाडीतून उतरत नव्हतो, म्हणून ग्लेनिस ओरडली.
आज रात्री माझा फोन वाजला. पोचले, म्हणाली. मग मी सवयीने म्हटलं, थांब, आईला देतो. ती म्हणाली, नको, थोडा वेळ तूच बोल.
पाच-सहा मिनिटं बोललो. बहुतेक गुडघ्याबद्दल.

२६ नोव्हेंबर, रविवार
पुढचं ठरवायला गॅरेजमध्ये गेलो. जुना टर्बो परत बसवायचा, एसी जोडायचा, स्टिकर काढून घ्यायचा. सगळं मिळून एका वीकेंडचं काम. स्टीपेला हाक मारली. (निव्वळ सोबत म्हणून.) तो म्हणाला, पुढच्या शनिवारी येतो, तोपर्यंत कशालाही हात लावू नकोस. हे अट म्हणून नाही, विनंती म्हणून म्हणाला, असं मी समजतो.
हात लावायचा नाही म्हटल्यावर नुसताच फाल्कनमध्ये जाऊन बसलो. दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाहेर ऊन होतं, कोणीतरी लॉन कापत होतं.
थोड्या वेळाने शेजारचं दार उघडलं. ग्लेनिस दोन कप घेऊन आत बसली. एक मला दिला, सीट मागे सरकवली, चपला काढल्या. इतक्या वर्षांत ती या सीटवर किती वेळा बसली असेल ते आठवून बघितलं. आठवलं नाही.
मग समोरच्या भिंतीकडे बघत तिने विचारलं, कुठे निघालोय आपण?
मी म्हटलं, कुठेच नाही.
म्हणाली, बरं. मग सावकाश चालव.