बाराव्यानंतर

सरावली, डहाणू
२७ मे २०२१

प्रिय नवू,

हे पत्र एकट्याने वाच. लडक्या आणि बाबल्या शेजारी बसले असतील तर आत्ता घडी घालून खिशात ठेव आणि काहीतरी निमित्त काढून धक्क्याच्या टोकाला जा. हसू नकोस. बोटीच्या तांडेलाच्या मोबाइलवर तुझ्याशी बोलायचं म्हणजे स्पीकर चालू आणि आपल्या पाड्यातले दोघे कान टवकारून बसलेले, म्हणून फोन न करता लिहिते आहे. तुझ्या दाजींचे रेल्वेतले एक सोबती वेरावळला निघालेत, ते हे तुझ्याच हातात देतील. पोस्टाने पाठवलं असतं तर शेठच्या ऑफिसात कोणीतरी फोडून वाचलं असतं. खलाशाला पत्र येतं आणि तेही मास्तरीण बहिणीचं, म्हटल्यावर गर्दी होणारच.

आई बरी आहे. हिंडते, फिरते, मला शिव्या घालते. तुझ्यासाठी बोंबील सुकवून ठेवलेत, त्यांना मांजरापेक्षा माझ्यापासून जास्त जपते. मी दर रविवारी कैनाडला आपल्या पाड्यावर जाते तेव्हा पहिला प्रश्न, नवूची बोट कधी लागणार. वादळात तू समुद्रात होतास की बंदरात, हे कळेपर्यंत तिने चूल पेटवली नव्हती. तू बंदरात आहेस असा निरोप आला तेव्हा ती रडली नाही, उठून भांडी घासायला बसली. तिचं तुला माहीत आहेच.

तू गेलास त्यानंतरचं सगळं सांगते, कारण फोनवर तुला गोडगोडच सांगत आलोय. मार्चमध्ये साठीच्या वरच्यांना कोरोनाची लस सुरू झाली. कॅम्प लागला तेव्हा आई, शेजारचे शुक्राकाका आणि रूपीकाकी असे तिघे एकाच टेम्पोत बसून गेले. मी त्या दिवशी शाळेच्या सर्व्हेला होते. शुक्राकाका, ज्यांनी आयुष्यभर हाताने विंचू उचलून बाहेर टाकले, ते सुई बघून दारातूनच मागे फिरले आणि त्यांच्यामागून काकीही. आईने घेतली. नोंदणीला मोबाइल नंबर लागतो, आईकडे मोबाइल नाही, म्हणून भिकाकाकांचा नंबर दिला. पाड्यात मोठा फोन त्यांच्याचकडे आणि मोठेपणही त्यांच्याचकडे, त्यामुळे कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आईला एक दिवस ताप आला, दुसऱ्या दिवशी ती वाडीत चिकू उतरवायला हजर. मला म्हणाली, मुंगी चावल्यासारखं झालं, एवढ्याला घाबरून पळाला शुक्रा. महिनाभर तिने त्यांना त्यावरून चिडवलं.

सिस्टरने तिला सांगितलं होतं, दुसरी सुई महिन्याने. एप्रिलात मी तिला घेऊन गेले तर म्हणाले, नियम बदलला, सहा ते आठ आठवड्यांनी या. त्या हिशेबाने गेलो तर लसच संपलेली. मग तलासरीला आली आहे असं कळलं, म्हणून दाजींनी सुट्टी टाकून आम्हाला रिक्षाने नेलं. गेटबाहेर मुंबईच्या नंबरच्या गाड्या रांगेत उभ्या होत्या, काचा वर, एसी चालू. तरुण पोरंपोरी मोबाइलवरून बुकिंग करून एवढ्या लांब आली होती. आईने मला विचारलं, एवढी सगळी आजारी आहेत का गं? आमचा नंबर आला तेव्हा टेबलावरच्या माणसाने कॉम्प्युटरकडे बघत सांगितलं की अंतर आता बारा आठवडे केलं आहे, आजी अजून पात्र नाहीत, जूनमध्ये आणा. येताना रिक्षात आईने विचारलं, पात्र म्हणजे काय. मी म्हटलं, लायक. मला तेव्हा दुसरा शब्द सुचायला हवा होता, पण मीही चिडलेली होते.

तोवर शुक्राकाका गेले होते. तुला आम्ही फोनवर फक्त तापाने गेले म्हणून सांगितलं. एप्रिल संपता संपता खोकला सुरू झाला, दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही म्हणून घरातच ठेवलं, आणि मेच्या सुरुवातीला सकाळी अंगणात बसल्या बसल्याच गेले. आई त्यांच्यासाठी रोज पेज घेऊन जायची. मी ओरडले तर म्हणाली, मी सुई घेतली आहे, मला काय होतंय. हे वाक्य ती ओटीवर उभं राहून मोठ्याने म्हणाली. चार बायकांनी ऐकलं.

आता जे लिहिते ते नीट वाच. शुक्राकाकांचा बारावा होता, सगळा पाडा जेवायला बसलेला. पत्रावळीवर भात पडतोय तोच रस्त्यावरून लाउडस्पीकरची जीप आली. नवा नियम सांगत फिरत होती. वारा सुटला होता, वादळाच्या आधीचाच तो. जीपमधला माणूस म्हणत होता, पहिला डोस घेतलेल्यांना दुसरा डोस बाराव्या आठवड्यानंतर मिळेल. मी तिथेच वाढत होते, मलासुद्धा मधला शब्द नीट ऐकू आला नाही. पाड्याने ऐकलं ते एवढंच, की पहिली सुई घेतलेल्यांना दुसरी बाराव्यानंतर. जीप पुढे गेली. कोणी हात धुतले नाहीत, कोणी घास घेतला नाही. सगळ्यांनी आईकडे बघितलं, कारण त्या पंगतीत पहिली सुई घेतलेली ती एकटीच होती.

मी पुढे होऊन समजावलं. आठवडा म्हणाला तो, आठवडा. शाळेत पोरांना ध चा मा करू नका म्हणून शिकवते, तेच मोठ्या माणसांना सांगत होते. भिकाकाकांनी मान हलवली, बरोबर आहे मास्तरीण म्हणाले. पण रूपीकाकी उठली आणि आईसमोर येऊन उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, "सुई तू घेतलीस, जमना. मेला माझा माणूस. आता बारावा झाला. जा, घे तुझी दुसरी."

आई पानावरून उठली. उरलेली पंगत तिनेच वाढली.

दोन दिवसांनी वादळ आलं. काकीच्या घराचे सगळे पत्रे उडाले, चिंचेची फांदी भिकाकाकांच्या गोठ्यावर पडली, आपल्या घराचं एक कौलही हललं नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, दुसरं काय. पण पाड्याने त्याचाही हिशोब केला. नवूची बोट वाचली, जमनाचं घर वाचलं, जमनाला ताप नाही. नंतर भिकाकाकांचे मोठे भाऊ गेले, त्यांनाही आईच पेज देऊन आली होती. तिने मार्चपासून किती वेळा दवाखान्याची वाट धरली आणि दर खेपेनंतर पाड्यात काय काय झालं, हे बायका विहिरीवर बोलतात. ती गेली की थांबतात. जी बाई दुसऱ्याचं आयुष्य ओढून घेऊन आपलं वाढवते, तिला आपल्याकडे काय म्हणतात ते तुला माहीत आहे. तो शब्द मी इथे लिहीत नाही. अजून कोणी उच्चारलेलाही नाही. नुसत्या आपल्या घरावरून जाताना बाया पोरांना कडेवर घेतात.

तू म्हणशील, अडाणी आहेत. तसं म्हणू नकोस. आमच्या सरावलीच्या बिल्डिंगमध्ये सगळे शिकलेले आहेत, आणि दाजींना साधा खोकला झाला तर खालच्या मजल्यावरच्यांनी आमच्या दाराबाहेर दोरी बांधली होती. भीती सगळीकडे सारखीच. पाड्यातल्या माणसांना आजवर जीपमधून आलेल्या कोणी काही चांगलं सांगितलेलं नाही, ते तरी कशाला विश्वास ठेवतील. मला त्यांचा राग येत नाही, नवू. मला त्यांची भीती वाटते, आणि ह्याच माणसांच्या मांडीवर आपण वाढलो ह्याचं फार वाईट वाटतं.

ताप आता सहा-सात घरांत आहे. आईचा एकच डोस झालाय, तिचं वय बघता तेवढ्यावर भागायचं नाही. मी तिला म्हटलं, माझ्याकडे राहायला चल. म्हणाली, आज निघाले तर उद्या म्हणतील, बघा, पळाली. मग म्हटलं, निदान जूनमध्ये दुसरा डोस घे. ह्यावर ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. "दुसरी घेतली आणि त्यानंतर पाड्यात कोणी मेलं, तर मला कोण सोडील?" आणि पाड्यात कोणीतरी मरणार आहे, हे आम्हा दोघींनाही दिसत होतं. गुपचूप डहाणूला नेऊन देऊ म्हटलं तर तेही जमत नाही. डोस झाला की मोबाइलवर अभिनंदनाचा मेसेज जातो, आणि नंबर भिकाकाकांचा. नंबर बदलता येतो का विचारलं, तर नव्या नंबरावर नवी नोंद होईल, म्हणजे पुन्हा पहिला डोस आणि पुन्हा बारा आठवडे.

परवा भिकाकाका इथे सरावलीला आले होते. त्यांची सून डहाणूत ऑक्सिजनवर आहे, डबा देऊन परतताना थांबले. मला वाटलं पैसे हवे असतील किंवा औषध. ते खुर्चीत बसले नाहीत. चहा ठेवते म्हटलं तर नको म्हणाले. लहानपणापासून बघते आहे, त्यांनी आपल्या घरचा चहा कधी नाकारला नव्हता. त्यांनी तुझ्या शेठचा नंबर मागितला. बोटी कधी बंद होणार, पोरं कधी सुटणार, नविन सगळ्यांबरोबर येणार की मागून, असं विचारत राहिले. मी म्हटलं, मला ठाऊक नाही. जाताना पायरीवर थांबून म्हणाले, पोरगं आलं म्हणजे एकदा सगळे मिळून बसू. बोलताना त्यांना माझ्याकडे बघवत नव्हतं. सून वाचावी म्हणून तो माणूस आता काहीही करील, आणि त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, मला सांगता येत नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते. आपल्या पाड्याची रीत तुला माहीत आहे. घरच्या बाईवर बोट ठेवायचं तर बैठकीत घरचा पुरुष समोर असावा लागतो. बाबा नाहीत, म्हणजे तू. तू आलास की त्याच दिवशी बैठक बसेल. तू नाहीस तोवर आईला कोणी हात लावणार नाही. म्हणून येऊ नकोस. लडक्या, बाबल्या निघाले तरी तू निघू नकोस. शेठकडे जाळी शिवायचं काम मागून घे आणि पावसाळाभर तिथेच राहा. शेतीची कामं लागतील, माणसं पांगतील, ताप उतरेल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आई पात्र होते. तिने नाही म्हटलं तरी मी तिला ओढत नेऊन दुसरा डोस देणार आहे, कारण मला ती जिवंत हवी आहे. मेसेज भिकाकाकांच्या फोनवर जाईल, आणि त्यानंतर तुला निरोप यायला लागतील. आई सिरियस आहे, मिळेल त्या गाडीने ये. ते खोटं समज. खरंच काही झालं तर मी फोन करणार नाही, हे पत्र आणणाऱ्या माणसाच्याच हाती चिठ्ठी पाठवीन, मग तुला तिचं तोंड बघायला नाही मिळालं तरी चालेल. आणि एखाद्या दिवशी माझाच फोन आला, मी रडत असले, नवू ये, नवू ये म्हणत असले, तर समज की माझ्या शेजारी कोणीतरी उभं आहे. एक शब्द बोलू नकोस. फोन ठेवून दे.

तुझीच थोरली,
शितल