अप्पांची परै

कीळपट्टी,
९ मार्च १९८६

चिरंजीव अरिवळगन यास अक्काचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. जर्मनीत बर्फ पडतो म्हणतोस, तर कानाला फडकं बांधत जा. शिकलेल्या कानांना थंडी वाजत नाही असं काही नाही. इकडं ऊन तापलंय. शेळी व्याली, दोन्ही बोकड.

आपल्या जातीचं 'परैयर' हे नाव कुठून आलं, ते अप्पांना विचारून कळव, असं तू लिहिलं होतंस. मी विचारलं होतं. म्हणाले, "नाव कुठून आलं ते त्याला शोधू दे. हाक कुठून यायची तेवढं मला ठाऊक आहे." आणि वरच्या आळीकडं बोट दाखवलं. तुझ्या पुस्तकात बसलं तर घाल.

तुझा मासिकातला लेख इथं फार गाजला. आपल्या आळीतल्या कदिरेसननं तो चहाच्या टपरीवर मोठ्यानं वाचला. परै या वाद्यावरून आपलं नाव पडलं हे लोकांनी मागून लावलं. ते मुळात 'सांगणं' या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलं, केरळात आजही बोलण्याला तोच शब्द आहे, असं तू लिहिलंस. मयतीत वाजवणं आपल्या नावात लिहिलेलं नाही, हे ऐकून पोरांच्या अंगात वारं शिरलं. बैठक बसली. ठरलं, की यापुढं कुणाच्याच मयतीला परै वाजवायची नाही, मढं वरच्यांचं असो की आपलं. मलाही पटलं. वरच्यांनी दारू पाजून अप्पांना मढ्यापुढं नाचवलेलं मी पाहिलंय.

मग ज्या पेंढ्याच्या जाळावर परैचं कातडं शेकून ताणायचे, त्यातच सगळ्यांनी आपापली परै टाकली. पहिली अप्पांची. लेख त्यांच्या मुलाचा होता ना! जळता जळता तिचं कातडं फुटलं, तेव्हा अप्पा उठून घरी आले.

त्यानंतर दिवसभर बाजेच्या काठावर त्यांची बोटं तेवढी चालायची. खोकला वाढला. तुला कळवू का म्हटलं, तर म्हणाले, त्याची परीक्षा होऊ दे. मी ऐकलं.

एका संध्याकाळी त्यांनी कदिरेसनला बोलावून घेतलं.

"मला नेताना वाजव," म्हणाले. "कुणाकडून तरी मागून आण. वरच्यांसाठी वाजवली ती त्यांची होती. हिच्या आईला नेताना वाजवली ती माझी होती रे."

कदिरेसन रडला. पण म्हणाला, "मामा, तुमच्यासाठी ठराव मोडला तर उद्या वरचे दारात उभे राहतील. कुणाच्या तोंडानं नाही म्हणू? हे तुमच्या मुलानंच शिकवलं आम्हाला."

त्याचंही खरं होतं. अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं, आणि मला दोघांचाही राग आला. तुझा तर फारच आला.

मंगळवारी आम्ही त्यांना नेलं. खांदा द्यायला माणसं खूप होती. पण आपल्या लोकांना ठेक्यावर चालायची सवय. ठेका नसल्यावर कुणाचा पाय कुणाशी जुळेना. तिरडी सारखी हेलकावत होती. कदिरेसन पुढं होता, त्यानं दोनदा नुसत्या हातानं मांडीवर ठेका धरला आणि सोडला. वरच्या आळीतले ओट्यांवर उभे राहून बघत होते. एक जण हसला.

तुझं म्हणणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. नाव सांगण्यावरूनच आलं असेल. आपल्यात कुणी गेलं की परै सांगायची, नदीपलीकडं ऐकू जायचं, आणि तिकडची माणसं हातातलं काम टाकून निघायची. या वेळी पलीकडची आत्या आलीच नाही. तिला तिसऱ्या दिवशी बाजारात कुणीतरी सांगितलं. तिथंच भाजीच्या पाट्यांमध्ये ती बसली, आणि तुला कळलं का, एवढंच विचारत राहिली.

तर मीच सांगते. अरिवा, आपले अप्पा गेले.

घरात एकटी उरलेली,
तुझी अक्का