पेटलेली भट्टी

१२ मार्च, गुरुवार. गडमुडशिंगी

इतके दिवस वही उघडली नाही, चुकलंच. आज शिरोलीतली आमची जुनी भट्टी पाडली. तासाभरात संपलं.

बायको सकिना दवाखान्यातून मला बोलावत होती, तेव्हा हीच भट्टी पेटलेली होती. मध्येच पंख्याचा वारा बंद केला तर वितळलेलं लोखंड आतच गोठतं. भट्टीवरचा जोडीदार म्हणाला, "चाचा, जावा की! मी हाय न्हवं?" मला वाटलं, माझ्याशिवाय लोखंडाचा रस बिघडेल. सगळा रस ओतूनच निघालो. तोवर सकिनानं डोळे मिटले होते.

मुलीला सांगितलं, भट्टीवर दुसरं कोणीच नव्हतं. तिला जोडीदाराकडून खरं कळलं. तेव्हापासून बोलत नाही. का खोटं बोललो? "मी हाय न्हवं?" अजून ऐकू येतं.

शबाना, एकदा फोन कर, बेटा. लवकर कर.